परड्याभोवती लेसरचा पहारा: तीन आरसे, एक बॅटरी आणि घरी जोडलेला गजर

दोन वर्षांमागे सुगीत आमच्या खळ्यावरून भाताची दोन पोती रात्रीतून गेली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घराला लागूनच परडं असतं, परड्याच्या कडेला गोठा आणि त्यापलीकडे खळं. आमचंही तसंच आहे. नुकसान दोन पोत्यांचं, पण त्यानंतर महिनाभर आईला झोप नव्हती. वाऱ्याने पत्रा वाजला तरी ती उठून बसायची. तेव्हा मी हा गजर बनवायला घेतला. तो नीट चालायला पुरा एक हिवाळा गेला. त्या हिवाळ्यात जे शिकलो ते इथे सगळं लिहितो, म्हणजे तुमचं काम दोन रविवारांत होईल.

कल्पना सोपी आहे. एका कोपऱ्यातून लेसरची किरणरेषा सोडायची, बाकीच्या तीन कोपऱ्यांत आरसे लावून ती परड्याभोवती फिरवायची आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यात आणून एलडीआरवर पाडायची. एलडीआर म्हणजे उजेड पडला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो आणि अंधार झाला की वाढतो असा नाण्याएवढाही नसलेला सेन्सर. रेषेत कुणाचा पाय आला की एलडीआरवर अंधार होतो आणि बझर वाजतो.

आरशांचा खरा फायदा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रेषा फिरून सुरुवातीच्याच कोपऱ्यात येते, त्यामुळे लेसर आणि एलडीआर शेजारी-शेजारी बसतात. एकच बॅटरी दोघांना पुरते आणि परड्यातून वायर ओढावी लागत नाही. बाकीच्या तीन कोपऱ्यांत करंट नको, काही नको, फक्त काच.

एक गोष्ट आधीच सांगतो. सर्किट हा यातला सोपा भाग आहे, ते एका संध्याकाळी होतं. गजर विश्वासाचा होतो की नाही हे आरसा कशावर बसवलाय यावर ठरतं. माझे पहिले दोन महिने याच चुकीत गेले.

सामान

लेसरसाठी ५ व्होल्टवर चालणारं लाल मॉड्यूल घ्या. केवाय-००८ नावाने मिळतं, रंग ६५० नॅनोमीटरचा लाल, ताकद ५ मिलिवॉटच्या आत. पुढची भिंगाची टोपी फिरवून ठिपका बारीक करता येत असेल तर तेच निवडा. जत्रेत मिळणारा किल्लीचा लेसरही चालतो, पण त्यातले बटण सेल काही तासांत बसतात, म्हणून त्याला वायर जोडावीच लागते. हिरवा लेसर घेऊ नका. तो डोळ्यांना जास्त झगझगतो, आणि स्वस्त हिरव्या लेसरमधून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात.

बाकी सामान असं: ५ मिलिमीटरचा एलडीआर, बीटी १६९ हा छोटा एससीआर (गेट, कॅथोड आणि अॅनोड अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच), २२ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रू फिरवून विरोध कमी-जास्त करता येतो असा रेझिस्टर), ४.७ किलोओहम, १ किलोओहम आणि २२० ओहमचे रेझिस्टर, '१०४' छापलेला डिस्क कपॅसिटर, एक लाल एलईडी, १एन४००७ चे दोन डायोड, दाबल्यावर जोडणी तुटणारं पुश बटण, एक साधा स्विच, १ अँपिअरचा फ्यूज आणि ५ व्होल्टचा बझर. बझर नुसता प्लस-मायनस दिला की आपोआप वाजणारा असावा. दुकानात तसं स्पष्ट सांगा, कारण दिसायला तसाच पण आत सर्किट नसलेलाही मिळतो आणि तो नुसता टिक करून गप्प बसतो. टीव्ही-रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. बॅटरी सोडून मला साधारण ३०० रुपये लागले.

बॅटरी ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-तासाची, इमर्जन्सी दिव्यात असते ती. आधी मी मोबाईलचा पॉवर बँक लावला होता. लेसर जेमतेम ३० मिलिअँपिअर घेतो. एवढ्या कमी करंटला पुष्कळ पॉवर बँकांना वाटतं की काही जोडलेलंच नाही, आणि ते थोड्या वेळाने बंद पडतात. माझा रोज तसाच बंद पडायचा. मोबाईल चार्जरवर चालवलं तर करंट गेला की लेसर विझणार, म्हणून बॅटरीच बरी. बारा तासांच्या रात्रीला अर्ध्या अँपिअर-तासाहून कमी खर्च होतो. आठवड्यातून एकदा, दिवसा, चार्ज केली की पुरते.

आरशासाठी काचवाल्याकडे जा आणि ४ मिलिमीटर जाडीच्या आरशाचे कापून उरलेले ४ इंची चौकोनी तुकडे मागा. आमच्या काचवाल्याने पैसे घेतले नाहीत. कडा पॉलिश पेपरवर पाणी टाकून घासून घ्या, नाहीतर बोट कापतं.

जोडणी

बॅटरीच्या प्लसपासून आधी फ्यूज, मग स्विच, मग दोन्ही डायोड एकापुढे एक. डायोडवरची पांढरी पट्टी बॅटरीपासून लांबच्या बाजूला. प्रत्येक डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात, म्हणजे भरलेल्या बॅटरीचे ६.४ व्होल्ट लेसरपर्यंत ५ च होऊन पोचतात. हे दोन रुपयांचे डायोड वगळले तर लेसर लवकर मरतो. डायोडनंतरच्या वायरला आपण 'मुख्य प्लस' म्हणू.

लेसर मुख्य प्लस आणि मायनसमध्ये. मुख्य प्लसपासून ४.७ किलोओहम, त्यापुढे प्रीसेट, त्यापुढे एलडीआर, आणि एलडीआरचं दुसरं टोक मायनसला. प्रीसेट आणि एलडीआर जिथे भेटतात तिथून १ किलोओहमचा रेझिस्टर एससीआरच्या गेटला. गेट आणि कॅथोड यांच्यामध्ये १०४ चा कपॅसिटर. कॅथोड मायनसला. मुख्य प्लसपासून बझर, बझरपासून पुश बटण, बटणापासून एससीआरचा अॅनोड. बझरच्या दोन टोकांना समांतर २२० ओहम आणि एलईडी एकापुढे एक.

बीटी १६९ चा मधला पाय गेट असतो. कडेच्या दोघांतला कॅथोड कुठला ते मल्टिमीटरने पाहून घ्या. मीटर डायोड रेंजवर ठेवून लाल प्रोब गेटला लावा. काळा प्रोब ज्या पायाला लावल्यावर ०.६–०.७ च्या आसपास आकडा दिसेल तो कॅथोड. दुसऱ्या पायाला काहीच दिसणार नाही, तो अॅनोड.

एससीआर का? त्याला एकदा गेटवर धक्का मिळाला की तो चालू होतो आणि चालूच राहतो. साधा ट्रान्झिस्टर लावला तर चोराचा पाय रेषेतून गेला की बझर निमिषभर वाजून थांबेल, आणि झोपेतल्या माणसाला काही कळणार नाही. एससीआरमुळे तुम्ही येऊन बटण दाबेपर्यंत आवाज थांबत नाही.

इथे एक खोच आहे, ती मला आठवडाभर सापडली नव्हती. बझर आतून सतत चालू-बंद होत असतो. त्या बंद क्षणी एससीआरमधला करंट फार कमी झाला की तो सुटतो आणि गजर मध्येच थांबतो. म्हणून तो एलईडी. त्यातून कायम १० मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहतो आणि एससीआर धरून राहतो. एलईडी शोभेचा नाही, काढू नका.

१०४ चा कपॅसिटरही तसाच. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पडला की वायरींत धक्का येतो आणि गजर उगीच वाजतो. कपॅसिटर तो धक्का गिळतो.

बझर घरात, उशापाशी ठेवा. बेलची दुहेरी वायर ओढली की झालं. एलईडी मात्र सर्किटच्या डबीवरच राहू दे.

एलडीआरची नळी

एलडीआर उघडा ठेवला तर चांदणं, शेजारचा बल्ब, रस्त्यावरच्या गाडीचा दिवा सगळं त्याला दिसतं. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा २० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, आतून काळा कार्डपेपर गुंडाळून सरकवा आणि तळाशी एलडीआर बसवा. मागची बाजू काळ्या टेपने पूर्ण बंद करा, मागूनही उजेड शिरतो. आता त्याला फक्त समोरचा आरसा दिसेल. तरीही हा गजर रात्रीचाच समजा. दिवसा नळीतही इतका उजेड येतो की लेसर अडला तरी एलडीआरला फारसा फरक पडत नाही.

लांब रेषेत ठिपका पसरतो. आमच्याकडे चाळीस मीटर फिरून आलेला ठिपका बोरापेक्षा मोठा होतो आणि एलडीआर जेमतेम मसुरीएवढा. म्हणून नळीच्या तोंडाशी शाळेच्या सामानात मिळणारं छोटं भिंग बसवलं. भिंगापासून एलडीआरचं अंतर किती ठेवायचं ते दिवसा ठरवा: खिडकीचं चित्र भिंतीवर स्वच्छ पडतं ते अंतर. भिंगामुळे पसरलेला उजेड गोळा होतो आणि ठिपका थोडा सरकला तरी भागतं.

आरशाचा पाय

आता मुख्य काम. आरसा १ अंशाने फिरला तर परतणारी रेषा २ अंशांनी फिरते. आमच्या परड्याची लांब बाजू १२ मीटर. तेवढ्या अंतरावर २ अंश म्हणजे ४२ सेंटीमीटर, आणि पुढचा आरसा १० सेंटीमीटरचा. आरशाचा पाय केसभर हलला तर रेषा पुढच्या कोपऱ्यात पोचतच नाही.

मी पहिला आरसा फणसाच्या झाडाला बांधला होता. दिवसा झाड हलतंय असं वाटत नाही. पण रात्री जरा वारा सुटला की बुंधासुद्धा हलतो, आणि गजर वाजायचा. दुसरा लाकडी खांबावर होता. दुपारच्या उन्हात तो वाळायचा, पहाटेच्या दवात फुगायचा, आणि रोज संध्याकाळी ठिपका वेगळ्या जागी दिसायचा. आमच्या गल्लीतले तात्या गवंडीकाम करायचे. ते एक दिवस आले, खांबाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "पोरा, आरशाला काय बघतोस, पायाला बघ की. चिऱ्याच्या भिंतीत घाल." त्या दिवशी काम मार्गी लागलं.

चिऱ्याची किंवा दगडाची भिंत असेल तर तिच्यात भोक पाडून रॉलप्लग आणि स्क्रूने बसवा. भिंत नसेल तिथे सव्वा इंची जीआय पाइप दोन फूट खोल काँक्रीटमध्ये पुरा आणि आठवडाभर पाणी मारा. झाड, बांबू, कुंपणाचा लाकडी डांब, पत्र्याची शेड यांपैकी कशालाच लावू नका.

आरसा सरळ भिंतीला चिकटवला तर जुळवता येत नाही. दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा चौकोनी तुकडे घ्या. मागचा भिंतीला पक्का, पुढच्यावर आरसा. दोघांमध्ये तीन ४ एमएमचे बोल्ट, एकमेकांपासून ८ सेंटीमीटरवर, आणि प्रत्येक बोल्टवर दोन पट्ट्यांच्या मधे जुन्या बॉलपेनातली स्प्रिंग. नट आवळला की ती बाजू मागे जाते, सैल केला की स्प्रिंग पुढे ढकलते. या बोल्टचा आटा ०.७ मिलिमीटरचा असतो. नट एक पूर्ण फेरा फिरवला की १२ मीटरवर ठिपका सुमारे २१ सेंटीमीटर सरकतो, पाव फेऱ्याला ५. म्हणजे हाताने फिरवून नेमका आणता येतो. लेसरलाही अशीच बैठक करा. सगळं जुळल्यावर नटावर दुसरा नट आवळून बसवा आणि वर नेलपॉलिशचा थेंब टाका.

आरसा चिकटवायला सिलिकॉन वापरा, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. त्यातलं आम्ल पाठीमागचा मुलामा खातं आणि पावसाळ्यात आरशावर काळे डाग येतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा. तीन ठिपके पुरे.

जुन्या झेरॉक्स मशीनमधले किंवा स्कॅनरमधले आरसे वापरा असं कुणी सांगेल. त्यांचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे परतणारा ठिपका एकच आणि स्वच्छ दिसतो. ओळखायला नख टेकवा: नख आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर मुलामा मागे, फट नसेल तर पुढे. पण उघड्या परड्यात, आपल्याकडच्या दमट हवेत, पुढचा मुलामा फार टिकत नाही. मी साधाच आरसा वापरतो.

साध्या आरशात काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनही थोडा उजेड परततो, त्यामुळे मुख्य ठिपक्याशेजारी साधारण ३ मिलिमीटरवर दुसरा फिकट ठिपका दिसतो. तीन आरशांनंतर असे दोन-चार दिसतात. घाबरू नका, सगळ्यांत ठळक ठिपका धरा. प्रत्येक आरशात साधारण दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त उजेड जातो, तरी स्वच्छ आरसे असतील तर तिसऱ्यानंतर जवळपास दोन-तृतीयांश उरतो. तो पुरेसा आहे. धूळ बसली की हिशेब बदलतो.

उंची आणि डोळे

रेषा जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा. माणूस ती सहज ओलांडत नाही आणि उंदीर-कोंबड्या खालून जातात. कुत्रा रात्री मोकळा असेल तर अडीच फूट करा. चारही कोपऱ्यांत एकच उंची हवी, त्यासाठी गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळी आणा. एका कोपऱ्यात खूण करा, दुसऱ्या कोपऱ्यात नळीतलं पाणी जिथे थांबेल तिथे दुसरी. परड्याची जमीन डोळ्यांना सपाट वाटते, आमच्याकडे एका टोकाला वीतभर उतार निघाला.

ही उंची लहान मुलांच्या आणि गुरांच्या डोळ्यांची आहे हे विसरू नका. ५ मिलिवॉटचा लेसरही थेट डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते, आणि आरशातून परतलेला किरण तितकाच धोक्याचा असतो. गुरं आत बांधून आणि पोरं झोपल्यावरच स्विच लावायचा, हा आमच्या घरचा नियम. रेषा पायवाटेवर, रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात जाऊ देऊ नका. प्रत्येक आरशामागे आणि नळीमागे भिंत असावी, म्हणजे चुकलेला किरण तिथेच अडतो. जुळवताना लेसर आकाशाकडे तर चुकूनही करू नका. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं या भागावरून जातात, आणि वैमानिकाच्या डोळ्यावर लेसर पाडणं हा गंभीर धोका आहे.

गवे आणि हत्ती यांच्यासाठी हा गजर नाही. कणकुंबी, जांबोटीकडे गवा परड्यापर्यंत येतो. बझर ऐकून अंधारात बाहेर धावत गेलात आणि समोर गवा असला तर जिवावर बेतेल. वाजला की आधी आतूनच टॉर्चचा झोत टाकून बघा.

जुळवणी

अंधार पडल्यावर दोघांनी करा. एकाने पांढरा कागद घेऊन पहिल्या आरशापाशी उभं राहायचं. लेसर लावा, कागदावर ठिपका शोधा, लेसरच्या बैठकीचे नट फिरवून तो आरशाच्या मधोमध आणा. मग कागद दुसऱ्या आरशावर धरा आणि पहिल्याचे नट फिरवा. याच क्रमाने पुढे. रेषेच्या दिशेने डोळा लावून बघायचं नाही, नेहमी कागदावरच. ठिपका हरवला तर मागच्या आरशापाशी जा आणि हात लांब करून कागद हळूहळू पुढे न्या, कुठे वळतोय ते कळतं. माझी बहीण कागद धरायची आणि मी नट फिरवायचो, चौथ्या प्रयत्नाला वीस मिनिटांत झालं.

शेवटचा ठिपका नळीत पडला की प्रीसेट जुळवा. लेसर चालू ठेवून बटण दाबा. बझर थांबत नसेल तर प्रीसेटचा विरोध वाढवत जा, प्रत्येक वेळी बटण दाबून पाहा. थांबला की आणखी थोडा वाढवून सोडा. मग हात आडवा धरा, लगेच वाजायला हवा. वाजला नाही तर थोडा मागे या. त्यानंतर सावकाश चालत, भरभर चालत आणि पळत, तिन्ही तऱ्हांनी प्रत्येक बाजू ओलांडून बघा. एलडीआर मंद आहे, त्याला बदल कळायला काही शतांश सेकंद लागतात. चालणारा पाय रेषा त्याहून जास्त वेळ अडवतो, म्हणून तो सापडतो. उडणारा किडा त्यातून सुटतो, आणि ते आपल्या सोयीचंच आहे.

लेसर बिघडला, कुणी आरसा फिरवला किंवा फोडला, तर एलडीआरवर अंधार होऊन गजर वाजतोच. बॅटरी पूर्ण उतरली किंवा बझरची वायर कापली तर मात्र कळणार नाही, म्हणून बझरची वायर घराच्या आतूनच न्या.

पुढची देखभाल

जून ते सप्टेंबर मी हा गजर बंद ठेवतो. साधा पाऊस रेषा फारशी अडवत नाही, पण आमच्याकडची झोड आणि धुकं असलं की रात्रीत चार वेळा उठावं लागतं. लेसर आणि सर्किटची डबी काढून घरात ठेवायची, आरशांवर प्लास्टिकची पिशवी बांधायची.

डिसेंबरात पहाटे चारच्या सुमाराला आरशावर दव धरतं आणि गजर वाजतो. त्यावर प्रत्येक आरशाच्या वर अर्धा कापलेला पाइप छपरासारखा लावला. आरशावर दाढीच्या साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसला की दव काचेवर धुकट बसत नाही. हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागतं.

आणि कोळी. नळीचं तोंड म्हणजे कोळ्याला आयतं घर. एका रात्री गजर तीनदा वाजला, परड्यात कुणीच नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं तर नळीच्या तोंडावर जाळं, त्याचा एकेक धागा लाल चमकत होता आणि मधे कोळी हलला की उजेड कमी-जास्त व्हायचा. आता दर रविवारी बॅटरी चार्जला लावताना मी जुना टूथब्रश घेऊन नळी आणि तिन्ही आरसे पुसतो, आणि अंधार पडल्यावर स्विच लावून एकदा हात आडवा धरून बघतो.